शेजारचा आवाज मोजताना

शेजारच्या आवाजाची तक्रार करायची असेल तर गोंगाटाआधी शांतता मोजा. बहुतेक ठिकाणी दिवसाची आणि रात्रीची डेसिबल-मर्यादा वेगळी असते. काही नियम तर नेहमीच्या शांततेपेक्षा आवाज किती वाढला तेच बघतात. म्हणून आवाज बंद असताना, त्याच जागेची, त्याच वेळेची नोंद हवीच.

मोबाइलवरचं ॲप अंदाजापुरतं ठीक आहे. फोन भिंतीपासून मीटरभर लांब धरा, माइकवर बोट नको, पंखा बंद. दार आपटलं की आकडा उसळतो, त्याला भुलू नका. दहा-पंधरा मिनिटांची सरासरी लिहा. 10 डेसिबलची वाढ छोटी वाटते, पण ध्वनीची ऊर्जा तेवढ्यात 10 पट झालेली असते.

खरी अडचण खर्जाची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या जाड, घुमणाऱ्या आवाजाची. मोजणीच्या ॲपमधलं किंवा यंत्रातलं नेहमीचं 'ए' मापन (dBA) खर्जातले आवाज कमी धरतं. खिडकीची काच थरथरतेय, उशीतून धडधड जाणवतेय आणि आकडा मात्र मर्यादेत! झोप उडालेला माणूस इथेच खोटा ठरतो, आणि हे फार अन्यायाचं आहे. अशा वेळी खर्जही जवळपास पूर्ण धरणारं 'सी' मापन (dBC) पण घ्या, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. फरक 15-20 डेसिबलचा निघाला तर खर्जच जास्त आहे, तसं तक्रारीत स्पष्ट नमूद करा. सोबत तारीख, वेळ आणि खिडकी उघडी होती की बंद, तेही.