मनःस्वास्थ्य प्रश्नावलीने मोजताना: नव्या अभ्यासकांसाठी अनुभवाचे चार शब्द

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधाचा विषय ठरवण्याची वेळ आली की काही विद्यार्थी हमखास मनःस्वास्थ्याकडे वळतात. विषय जवळचा वाटतो, प्रश्नावल्या सहज उपलब्ध असतात, आणि पुरेशा लोकांकडून त्या भरून घेतल्या की उरलेले काम सांख्यिकीचे सॉफ्टवेअर करील, असा समज असतो. आधी संशोधन साहाय्यक म्हणून आणि नंतर अशा प्रबंधांना मदत करताना माझे मत याच्या अगदी उलट बनत गेले. मोजमाप चांगले होणार की वाईट, हे बहुतांशी पहिला फॉर्म भरला जाण्याआधीच ठरून गेलेले असते. नंतर केलेले विश्लेषण कितीही प्रगत असले तरी चुकीच्या निवडीची भरपाई त्यातून होत नाही. म्हणून या लेखात मी विश्लेषणापेक्षा त्याआधीच्या निर्णयांवर अधिक लिहिणार आहे.

सर्वांत आधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की आपण कोणते मनःस्वास्थ्य मोजणार आहोत? नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी 1969 मध्ये असे मांडले, की सुखद आणि दुःखद भावना ही एकाच पट्टीची दोन टोके नसून त्या बऱ्याच अंशी परस्परांपासून स्वतंत्रपणे कमीजास्त होतात. 1985 मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवन-समाधानाची मापनी प्रसिद्ध केली. तिच्यात केवळ पाच विधाने असून प्रत्येकाला 1 ते 7 गुण असतात, त्यामुळे एकूण गुण 5 ते 35 या कक्षेत येतात. येथे भावनांविषयी काही विचारलेले नसते. माणूस स्वतःच्या निकषांवर स्वतःच्या आयुष्याविषयी काय निवाडा देतो, एवढेच विचारलेले असते. कॅरोल रिफ यांनी 1989 मध्ये याहून वेगळी भूमिका घेतली. सुख आणि समाधान म्हणजे संपूर्ण मनःस्वास्थ्य नव्हे, असे म्हणून त्यांनी सहा परिमाणे सुचवली: स्वायत्तता, परिस्थितीवरील प्रभुत्व, व्यक्तिगत वाढ, इतरांशी चांगले संबंध, जीवनाचा हेतू आणि स्वतःचा स्वीकार. आता एखाद्या आजारी माणसाची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी व्यक्ती घ्या. ती थकलेली असेल, तिच्या दिवसात आनंदाचे क्षण थोडे असतील, आणि तरीही जीवनाच्या हेतूच्या परिमाणावर तिचे गुण भरपूर असू शकतील. दोन मापन्या तिच्याविषयी दोन वेगळी उत्तरे देतील आणि दोन्ही बरोबर असतील. प्रबंधाच्या शीर्षकात नुसते ‘मनःस्वास्थ्य’ लिहून आत जी हाती लागली ती मापनी वापरणे म्हणजे वाचकाला अर्धी माहिती देणे होय.

हा फरक किती खोलवर जातो, याचे उत्तम उदाहरण म्हणून 1988 मध्ये वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांनी तयार केलेल्या ‘पॅनास’ या मापनीकडे पाहावे. तिच्यात भावनांचे वीस शब्द असतात, दहा सुखद आणि दहा दुःखद. मात्र सुखद शब्द हे उत्साह, तत्परता, अभिमान अशा उसळत्या, ऊर्जेने भरलेल्या अवस्थांचे आहेत. शांतपणा आणि निवांत समाधान यांना त्या यादीत स्थान नाही. परिणामी अत्यंत शांत, तृप्त मनाचा माणूस या मापनीवर सुखद भावनांत मध्यम किंवा कमी गुण मिळवू शकतो. मापनीचा हा दोष म्हणता येणार नाही, कारण तिच्या कर्त्यांनी सुखद भावनेची व्याख्याच तशी केली होती. परंतु ध्यानधारणेचा परिणाम अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने ती डोळे झाकून घेतली, तर जे बदलण्याची अपेक्षा आहे तेच मोजायचे राहून जाईल. मापनीच्या नावावर न जाता तिची विधाने एकेक करून वाचावीत, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

लांबी पाहून मापनी निवडण्याचा मोह सर्वांनाच होतो. रिफ यांच्या मापनीची सुरुवातीची आवृत्ती प्रत्येक परिमाणाला वीस, म्हणजे एकूण 120 विधानांची होती. पुढे 84, 54, 42 आणि 18 विधानांच्या आवृत्त्या प्रचारात आल्या. विद्यार्थी बहुधा 18 विधानांची आवृत्ती उचलतात आणि परिमाणागणिक क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणारा आकडा, काढल्यावर तो फार कमी पाहून घाबरून जातात. रिफ आणि कीज यांच्या 1995 च्या मूळ अभ्यासातही हे अल्फा 0.33 ते 0.56 इतकेच होते, कारण प्रत्येक परिमाणासाठी निवडलेली तीन विधाने एकमेकांशी जुळावीत यापेक्षा त्या परिमाणाचा जास्तीत जास्त विस्तार त्यांत यावा असा हेतू होता. सहाही परिमाणांविषयी स्वतंत्रपणे काही म्हणायचे असेल तर ही आवृत्ती पुरत नाही, एवढे आधीच ठाऊक असले म्हणजे ऐन लेखनाच्या वेळी धावपळ होत नाही. उत्तरदात्यांना खरोखरच थोडा वेळ असेल, तर मुळातच लहान म्हणून घडवलेले साधन बरे. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच विधानांचा निर्देशांक मागील दोन आठवड्यांविषयी विचारतो. प्रत्येक विधानाला 0 ते 5 गुण असतात आणि 25 पैकी आलेल्या बेरजेला चारने गुणून 0 ते 100 असा गुणांक काढतात. अर्थात या निर्देशांकातून तुम्हाला व्यक्तिगत वाढ किंवा स्वायत्तता यांविषयी काहीही कळणार नाही. वापराची परवानगी हाही मुद्दा येथेच उरकून घ्यावा: काही मापन्या श्रेय देऊन मुक्तपणे वापरता येतात, तर वॉरविक-एडिनबरो मापनीसारख्यांसाठी रीतसर परवाना घ्यावा लागतो.

मापनी ठरली की विद्यार्थी लगेच फॉर्म पाठवू लागतात. त्याऐवजी ज्या गटाचा अभ्यास करायचा आहे त्यातील थोड्या लोकांसमोर बसावे, एकेक विधान त्यांना मोठ्याने वाचायला सांगावे आणि उत्तर निवडताना मनात जे येते ते बोलायला सांगावे. या कामाला खर्च जवळजवळ नसतो, आणि मला जेवढे शिकायला मिळाले तेवढे कोणत्याही तक्त्यातून मिळालेले नाही. कालमर्यादा दिलेली नसेल तर कोणी कालच्या भांडणाविषयी उत्तर देतो आणि कोणी गेल्या दहा वर्षांविषयी, हे अशा संवादातच उघड होते. आपण दिवसापुरते जगतो, भविष्याचा फारसा विचार करत नाही, अशा आशयाचे एक विधान रिफ यांच्या मापनीत आहे, आणि त्याला होकार दिला की जीवनाच्या हेतूचे गुण कमी होतात. तरुणाच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे. परंतु वयाने खूप मोठ्या झालेल्या व्यक्तीने तेच विधान समाधानाने, कमावलेल्या शहाणपणाची खूण म्हणून मान्य केले, तर तिचे गुण कमी करणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. वेगवेगळ्या वयोगटांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यापूर्वी मापनी त्या सर्व गटांत सारख्याच रीतीने चालते का, हे तपासावे असे पाठ्यपुस्तके सांगतात. या सूचनेमागचे कारण अशा एखाद्या विधानापाशी स्पष्ट दिसते. भाषांतरित मापनी असेल तर दोन स्वतंत्र भाषांतरे, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीने केलेले उलट भाषांतर आणि नंतर हीच मोठ्याने विचार करण्याची फेरी, हा क्रम मोडू नये.

उत्तरे देण्याच्या सवयींविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे. काही माणसे विधान कोणतेही असो, सहमतीकडे झुकतात. हा कल सावरण्यासाठी अनेक मापन्यांत काही विधाने उलट अर्थाची असतात आणि बेरजेपूर्वी त्यांचे गुण उलटवावे लागतात. सहा पर्यायांच्या मापनीत मिळालेला आकडा सातातून वजा केला की काम होते. हे करायचे राहून गेले तर अल्फा अनाकलनीयरीत्या कोसळतो किंवा ऋणसुद्धा येतो, म्हणून असा अल्फा दिसताच प्रथम गुण उलटवले आहेत का ते पाहावे. उलट विधानांचा स्वतःचा तोटाही आहे. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नकार निसटतो, आणि घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती विधाने एकत्र गटात येतात हे शोधणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत, कधी कधी केवळ उलट विधाने एकत्र येऊन एक वेगळाच घटक उभा राहतो, ज्याला मनःस्वास्थ्याचे नवे परिमाण समजणे धोक्याचे असते. दुसरी सवय म्हणजे सगळीकडे एकच रकाना भरत जाणे. उलट विधाने असतील तर असे फॉर्म सहज ओळखता येतात. ते वगळण्याचा निकष मात्र निकाल पाहण्याआधी लिहून ठेवावा.

चांगले दिसण्याच्या इच्छेचा प्रश्न याहून अवघड आहे. क्राउन आणि मार्लो यांची 1960 ची 33 विधानांची सामाजिक इष्टतेची मापनी सोबत जोडण्याची शिफारस अनेकदा केली जाते, परंतु तिचे गुण आकडेवारीतून सरसकट वजा करणे मला पटत नाही, कारण समाजात मिळूनमिसळून वागणारा माणूस खरोखरच अधिक स्वस्थ असू शकतो आणि मग आपण मोजायची गोष्टच पुसून टाकतो. त्यापेक्षा परिस्थिती बदलणे अधिक उपयोगी ठरते: नाव घेऊ नये, फॉर्म वरिष्ठांनी किंवा शिक्षकांनी गोळा करू नयेत, आणि उत्तरे कोण पाहणार हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. अडचणींची लांब यादी भरून झाल्यावर एकूण आयुष्याविषयी विचारले, तर त्या अडचणी मनात ताज्या असतात आणि निवाड्यात उतरू शकतात. म्हणून सर्वसाधारण प्रश्न आधी आणि तपशिलाचे नंतर, हा क्रम मी शक्यतो ठेवते.

विश्वसनीयतेविषयी, म्हणजे गुण किती सातत्याने व त्रुटीविना मिळतात याविषयी, एकच गोष्ट सांगते, कारण बाकीचे कोणत्याही पुस्तकात मिळेल. अल्फा चांगला आला की विद्यार्थी निश्चिंत होतात. वास्तविक विधानांची संख्या वाढवली किंवा एकच वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा विचारले तरी अल्फा वाढतो, आणि त्यावरून मापनी एकच गोष्ट मोजते असेही सिद्ध होत नाही. अल्फापेक्षा मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका व्यक्तीचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात हा अंदाज, काढून पाहणे अधिक बोधप्रद असते. समजा, गुणांचे प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) 10 आणि विश्वसनीयता 0.84 आहे. एकातून 0.84 वजा करून वर्गमूळ काढले की 0.4 येते, त्याला प्रमाण विचलनाने गुणले की त्रुटी 4 गुणांची. दोन वेळच्या गुणांतील फरकासाठी ती 2 च्या वर्गमूळाने गुणून सुमारे 5.7 होते आणि 95 टक्के विश्वासाने बोलायचे तर, म्हणजे तिला 1.96 ने गुणल्यावर, एखाद्या व्यक्तीच्या गुणांत साधारण 11 इतका बदल दिसेपर्यंत तो खरा आहे असे म्हणता येत नाही. विश्वसनीयता 0.84 ही वाईट समजली जात नाही, तरीही व्यक्तीच्या पातळीवर चित्र इतके धूसर असते. मोठ्या गटाच्या सरासरीत यादृच्छिक त्रुटी एकमेकींना बऱ्याच प्रमाणात छेदून टाकतात, त्यामुळे तेथे लहान फरकही अर्थपूर्ण असू शकतो. सहसंबंधांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी ठेवावी: एकाच व्यक्तीने, एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर ताण आणि मनःस्वास्थ्य दोन्ही नोंदवले असेल, तर त्यांच्यातील संबंधाचा काही भाग त्या दिवसाच्या मनःस्थितीचा आणि उत्तर देण्याच्या शैलीचा असतो.

जबाबदारीचा भाग शेवटी लिहीत असले तरी त्याची तयारी सर्वांत आधी करावी लागते. मनःस्वास्थ्याच्या प्रश्नावलीत निदान नसते, परंतु ती भरताना कोणाला आपल्या दुःखाची जाणीव तीव्रतेने होऊ शकते. पाच विधानांच्या निर्देशांकावर गुणांक 50 किंवा त्याखाली असेल तर नैराश्याच्या दृष्टीने अधिक तपासणी सुचवली जाते. असे साधन वापरत असाल, तर कमी गुण आढळल्यास काय करणार, हे नीतिसमितीच्या अर्जातच ठरलेले हवे. फॉर्म निनावी असेल तर त्या व्यक्तीपर्यंत नंतर पोहोचता येत नाही, म्हणून मदतीची माहिती सर्वांनाच, गुण न पाहता, फॉर्मच्या शेवटी द्यावी. ‘माझे गुण किती आले?’ असे उत्तरदाते हटकून विचारतात. समोरासमोर भरून घेतलेल्या फॉर्मच्या वेळी मी आकडा सांगत नाही. हे गुण गटाच्या अभ्यासासाठी आहेत आणि एका व्यक्तीविषयी एका दिवसाच्या उत्तरांवरून मत देणे योग्य होणार नाही, असे सांगते आणि स्वतःविषयी काळजी वाटत असेल तर समुपदेशकाशी बोलण्याची सोय कोठे आहे ते लिहून देते. हे धोरण संमतिपत्रात आधीच नमूद केलेले असले की कोणाचा गैरसमज होत नाही.