महिन्याच्या इंजेक्शनची गृहभेट: सुई काढण्याआधी

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला लांब मुदतीचं इंजेक्शन द्यायला घरी गेलात की आधी शरीर तपासा, सुई मग. हे रुग्ण अकाली दगावतात ते बहुतेक हृदयविकार, मधुमेह अशा आजारांनी. आणि त्यांचा रक्तदाब मोजणारं अनेकदा नर्सशिवाय कुणीच नसतं.

झोप, भूक, शौच याबद्दल रुग्णालाच विचारा, घरच्यांना नंतर. मग वजन, रक्तदाब आणि कंबर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पुरुषाची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासायला पाठवा.

सर्वात जास्त घोळ होतो तो अस्वस्थपणात. रुग्ण एका जागी बसत नाही, येरझाऱ्या घालतो, बसला तरी पाय हलवत राहतो. घरचे म्हणतात, "आजार परत वाढला, डोस वाढवा." पण हा औषधाचाच दुष्परिणाम असू शकतो, मग डोस वाढवला की तळमळ आणखी वाढते. "मन बेचैन आहे, की पाय स्थिर राहत नाहीत?" असं विचारा आणि उत्तर जसंच्या तसं डॉक्टरांना कळवा. हात कोपरात हलकेच वाकवून ताठरपणा पाहा, जीभ बाहेर काढायला सांगा. खूप ताप, अंग कडक आणि गोंधळ असं एकत्र दिसलं, तर इंजेक्शन न देता ताबडतोब रुग्णालय.

फ्लुफेनाझिन डेकानोएट हे असंच एक लांब मुदतीचं इंजेक्शन तिळाच्या तेलात असतं, म्हणून तिळाची ॲलर्जी विचारून घ्या. सुई-सिरिंज कोरडी हवी. ओलावा राहिला तर औषध गढूळ होतं. कुल्ल्यावरची कातडी 2-3 सेंटिमीटर बाजूला ओढून धरा, सुई सरळ आत घाला, औषध सावकाश सोडा, 10 सेकंद थांबून सुई काढा आणि मगच कातडी सोडा. जागा चोळू नका, नाहीतर औषध वर झिरपतं. पुढच्या वेळी दुसरी बाजू.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचंच औषध, गोळीचं) चालू असेल तर बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नका. पोट फुगून उलटी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय. ताप किंवा घसादुखी असेल तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायला हव्यात. विडी-सिगारेट अचानक सोडली तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे निकोटिनचं च्युइंगम दिलं तरी डोसबद्दल डॉक्टरांना विचारावंच लागतं.

जगावंसं वाटत नाही का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर फाईलवर लिहून ठेवा.

इंजेक्शन नको म्हणाला, तर घरच्यांना हात धरायला लावू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने संमती त्याची लागते. कारण विचारा, बहुतेकदा ते दुखणं, सुस्ती किंवा लैंगिक तक्रार असतं. डॉक्टरांना फोन करा, आणि दोन दिवसांनी परत येण्याची वेळ त्यालाच ठरवू द्या.