बुडबुडे थांबले की आधी नाक बघा

नवजात शिशू कक्षात पहिली पोस्टिंग लागली तेव्हा सी-पॅप (बाळाच्या फुफ्फुसात सतत हलका दाब ठेवून श्वासाला मदत करणारी सोय) म्हणजे काहीतरी अगडबंब यंत्र असेल असं वाटलं होतं. निघाली पाण्याची बाटली! बाळाच्या नाकात दोन इवलेसे प्रॉन्ग (नळीची मऊ टोकं), एका नळीतून येणारी कोमट, दमट हवा आणि ऑक्सिजन, आणि दुसऱ्या नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलेलं. नळी जितकी खोल, तितका दाब.

हा दाब कशासाठी? साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, बरेचदा पुरेसं नसतं. मग श्वास सोडला की हवेच्या पिशव्या मिटतात, आणि पुढच्या श्वासाला त्या परत जोर लावून उघडाव्या लागतात. बाळ कण्हतं ते रडणं नव्हे. घसा अर्धवट मिटून ते हवा आत धरून ठेवायला बघतं. म्हणजे आपण जे बाटलीने करतो, तेच ते घशाने करत असतं.

माझी फजिती सांगते. रात्रपाळी, ११०० ग्रॅमचं बाळ, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८४ टक्के. मी ऑक्सिजन ३० टक्क्यांवरून ४० केला, मग ५०. आकडा ढिम्म. इन्चार्ज सिस्टर आल्या, मॉनिटरकडे बघितलंसुद्धा नाही. "बुडबुडे कुठायत गं?" एक प्रॉन्ग निसटला होता. तो बसवला, गुडगुड सुरू झाली, थोड्याच वेळात ९७. तेव्हा पुन्हा ओरडा खाल्ला, कारण ऑक्सिजन खाली आणायचं मी विसरले होते. ऑक्सिजन चालू असताना ९० ते ९५ पुरे. जास्तीचा ऑक्सिजन कोवळ्या डोळ्यांच्या पडद्याला बाधतो.

तेव्हापासून माझा हात आधी नाकाकडे जातो. मग तोंड उघडं आहे का, मान दुमडलीय का (खांद्याखाली कापडाची छोटी गुंडाळी), नळीत पाणी साचलंय का. ऑक्सिजनचा नॉब सगळ्यात शेवटी. प्रॉन्ग निसटू नये म्हणून घट्ट दाबून बसवायचा मोह होतो, तो आवरा. नाकाच्या मधल्या पडद्याला प्रॉन्ग टेकता कामा नये, थोडी फट हवीच. तिथली त्वचा एकदा सोलली की बाळ आणि आपण दोघंही हैराण. हवेने पोट फुगतं, त्यासाठी तोंडातून घातलेली नळी उघडी ठेवा.

बाळाला श्वास घ्यायला किती कष्ट पडतात ते सांगणारा सिल्व्हरमन स्कोअर ५ खुणांचा, प्रत्येकीला ० ते २ गुण. आधीच्या पाळीचा आकडा न बघता स्वतः मोजा. मी सुरुवातीला सर्रास मागचाच उतरवायचे. गुण चढत असतील किंवा ऑक्सिजन वाढवतच न्यावा लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच उठवा. झोपमोडीचा संकोच करू नका.

आयांना मशीनची धास्ती असते. "श्वास बाळच घेतंय, आपण नुसता टेकू दिलाय," एवढं मी प्रत्येकीला सांगते. एकीला तर त्या गुडगुडीची इतकी सवय झाली की पहाटे तिनेच हाक मारली, "सिस्टर, आवाज बंद झाला." नळीत पाणी साचलं होतं.