आऊटबोर्ड इंजिन किती वर्षं टिकतं? वर्षं मोजू नका, तास मोजा

मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात नवीन होडी घेणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, की होडीच्या मागे बाहेरून लावायचं हे आऊटबोर्ड इंजिन किती वर्षं जाईल. आणि उत्तरं पण कसली कसली मिळतात, कोणी सांगतो तीन वर्षांत गेलं, कोणी सांगतो वीस वर्षं झाली अजून एका ओढीत चालू होतं. दोघंही खरंच बोलत असतात. कारण इंजिनाचं वय वर्षांत धरण्यात काही अर्थच नाही, ते किती तास चाललं आणि त्यातले किती तास खारं पाणी पोटात ठेवून नुसतं उभं राहिलं, यावर सगळं ठरतं.

ढोबळ हिशोब सांगतो. बऱ्यापैकी सांभाळलेलं पेट्रोल आऊटबोर्ड 1500 तासांच्या आसपास पहिलं मोठं काम काढतं असं साधारण धरतात, चांगलं राखलेलं फोरस्ट्रोक 2000 ते 4000 तास पण जातं. आता बघा, स्वतःच्या हौसेसाठी शनिवार-रविवार खाडीत फिरणारा माणूस वर्षाला 50 ते 100 तास चालवतो, म्हणजे त्याचं इंजिन सहज पंधरा-वीस वर्षं. पण जाळी मारायला जाणारी छोटी फायबर होडी रोज पाच तास धरली आणि वर्षाचे 200 दिवस धरले तर झाले की 1000 तास एका वर्षात! तिला दोन-तीन वर्षांत इंजिन उघडायला लागलं तर त्यात कंपनीचा दोष नाही, तिने हौशी माणसाची वीस वर्षं दोन वर्षांत चालवलेली असतात. डॉल्फिन दाखवणाऱ्या, सुनामी आयलंडला नेणाऱ्या पर्यटन बोटी या दोघांच्या मधे कुठेतरी.

म्हणून पहिलं काम, अवर मीटर लावा. नवीन फ्युएल इंजेक्शनवाल्या इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये तास साठवलेले असतात, मेकॅनिक ते काढून देतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांना काहीच नसतं, त्यांच्यासाठी प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा छोटा मीटर मिळतो, तोच लावा. आणि एक वही ठेवा, कुठल्या तासाला काय बदललं ते त्यात लिहायचं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडची बहुतेक आऊटबोर्ड झिजून मरत नाहीत, मिठाने मरतात. इंजिन समुद्राचंच पाणी ओढून थंड होतं, बंद केल्यावर आतल्या वाटांमधे ओल राहते, ती सुकली की मीठ मागे राहतं, असं रोज रोज होऊन वाट अरुंद होत जाते, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप, चिकटतो आणि मग एक दिवस इंजिन तापून पिस्टन जाम. त्यामुळे रोज गोड्या पाण्याने आतून धुणं, याला दुसरा पर्यायच नाही. इअरमफ, म्हणजे लेगच्या (इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) पाणी ओढायच्या जाळीवर बसवून नळाचा पाईप जोडायच्या रबरी वाट्या, लावून धुणार असाल तर आधी पाणी चालू करायचं, मग इंजिन, आणि न्यूट्रलमध्ये हळू चालवायचं, रेस अजिबात द्यायची नाही. दहा-पंधरा मिनिटं तरी चालू द्या, कारण इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडं पाणी वरपर्यंत पोचतच नाही, दोन मिनिटं चालवून बंद करणाऱ्यांचं मीठ आत तसंच राहतं. नळ नसेल तर पिंपात लेग बुडवून करा, पाणी लेगच्या जाळीच्या चांगलं वर पाहिजे, आणि ते पिंपातलं पाणी बदलत चला, चार दिवस तेच वापरलं तर ते पण खारटच झालेलं असतं. काही इंजिनांना बाजूला डायरेक्ट पाईप जोडायचं तोंड असतं, तिथे बहुतेक मॉडेलला इंजिन बंद ठेवूनच धुवायचं असतं, पुस्तक बघून करा. धुवून झालं की लेग सरळ खाली ठेवून सगळं पाणी निथळू द्या. होडी पाण्यातच नांगरून ठेवत असाल तर मात्र लेग वर उचलून पाण्याबाहेरच.

मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर पाहिजे, दर वेळी, सुरू केल्या केल्या. धार बारीक झाली किंवा वाफाळ यायला लागली की लगेच बंद करा, किनारा जवळ आहे म्हणून रेटू नका. धार बारीक होण्याचं कारण बरेचदा इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं ते रबरी चक्र. पुस्तकात वर्षातून एकदा किंवा शे-दोनशे तासांनी बघा असं असतं, पण कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या संगमावर ओहोटीला उथळ पाण्यातून रोज होडी काढणाऱ्यांनी तेवढी वाट बघू नये, तिथली रेती इम्पेलर खाते. आणि पाण्याबाहेर "चालू होतंय का बघू" म्हणून कोरडं इंजिन फिरवायचं नाही, रबर तेवढ्यात जळतं. मला वाटतं एवढ्या स्वस्त पार्टसाठी एवढी महाग इंजिनं जातात, यासारखं वाईट काही नाही.

झिंक, म्हणजे लेगला लावलेले ते राखाडी तुकडे, ते खराब व्हायलाच लावलेले असतात, ते गंजतात म्हणून लेगचं ॲल्युमिनियम वाचतं. निम्मे खाल्ले गेले की बदला. त्यांच्यावर रंग कधीच मारू नका, रंग मारला की ते काम करायचे बंद होतात, होडी रंगवताना पोरं हमखास त्यावर ब्रश फिरवतात.

लेगमधलं गियर ऑइल दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. काढताना रंग बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय आणि पाणी आत जातंय. बहुतेक वेळा कारण तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, निघतो, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागे गुंडाळला जातो आणि सील कापतो, म्हणून अधूनमधून पंखा काढून शाफ्ट बघत चला. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, वरून ओतलं तर आत हवा अडकते. वॉशर नवीन टाका, दोन रुपये वाचवू नका.

टूस्ट्रोकवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात त्यांनी, ऑइल मरीनचंच घ्यायचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. बाईकचं टूटी (टूस्ट्रोकचं) ऑइल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, आऊटबोर्ड पाण्यामुळे त्यापेक्षा थंड चालतं, तिथे त्याची राख साठते, रिंगा जाम होतात. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 लिटरच्या टाकीला अर्धा लिटर, पण तुमच्या मॉडेलचं प्रमाण पुस्तकातूनच घ्या, नवीन इंजिनाला पहिले काही तास जास्त ऑइल लागतं.

पेट्रोलचं पण आता जपायला पाहिजे. पंपावर इथेनॉल मिसळलेलं येतं, ते दमट हवेतली ओल धरतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, टूस्ट्रोकने तो ओढला तर पिस्टन कोरडा चालतो. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, लागेल तेवढंच पेट्रोल भरा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पर्यटनवाले तर मेअखेरीपासूनच, तेव्हा टाकी रिकामी करून ठेवा, कार्ब्युरेटरवालं इंजिन पाण्यात चालू असतानाच पेट्रोलचा पाईप काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग प्लग काढून थोडं ऑइल आत सोडून दोरी दोन-चारदा हळू ओढा. फोरस्ट्रोक उभंच ठेवायचं.

अजून एक, ज्याकडे कोणी बघतच नाही, पंखा. माणसं भरून फुल रेस दिल्यावर इंजिन पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा किती इंच पुढे सरकेल ते माप) जास्त आहे, म्हणजे इंजिन दिवसभर चढावर टॉप गियरमध्ये गाडी चालवल्यासारखं दबून चालतं. एक इंच पिच कमी केला की साधारण 150-200 आरपीएम वाढतात. वजन जास्त नेणाऱ्या होडीला कमी पिचचा पंखा लावा, वेग थोडा जाईल पण इंजिन टिकेल. आणि रोज फुल रेसवर पळवण्यापेक्षा पाऊण रेसवर चालवा, पेट्रोल पण वाचतं.

इंजिन समुद्रात पडलं तर? काढलं की तास मोजायला लागा, कारण हवा लागली की गंज सुरू. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून पाणी बाहेर काढा, कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, आत ऑइल मारा, फोरस्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल बदला, आणि त्याच दिवशी चालू करा. मेकॅनिक उद्या येणार असेल तर सुकवत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाण्याखाली हवेपेक्षा कमी गंजतं.

सेकंडहँड घेताना वर्ष आणि रंग बघून भुलू नका, रंग काय कालच मारलेला असतो. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून घ्या, सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत पाहिजेत. इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. गियर ऑइलचा स्क्रू समोर उघडायला लावा. आणि पार्ट मिळतात का ते आधी विचारा, इव्हिनरूड या कंपनीच्या आऊटबोर्डचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं, असं इंजिन कितीही कमी तासांचं असलं तरी उद्या छोट्याशा पार्टसाठी ऐन सीझनमध्ये होडी किनाऱ्यावर राहू शकते.