हुशार पोराला पाच-तीन-दोन शिकवताना

सहा-सात वर्षांच्या तल्लख पोराला नियम दोन डावांत येतात, अडतं ते हुकूम मोजण्यात. उन्हाळ्याच्या दुपारी छपरीत पानं मांडा, पण कूलरच्या झोतापासून दूर. छोट्या हातात दहा पानं मावत नाहीत, कपड्यांचा चिमटा लावून द्या.

पानं तीस: अठ्ठ्यापासून एक्क्यापर्यंत सगळी, शिवाय इस्पिक आणि बदामची सत्ती. म्हणून इस्पिक-बदामची आठ-आठ, किलवर-चौकटची सात-सात. पहिले तीन-चार डाव उघड्या पानांनी खेळा.

पहिल्या पाच पानांवर हुकूम बोलताना पोरं एक्का पाहून भुलतात. ज्या रंगाची पानं जास्त, तोच बोलायला लावा. एक्का बहुतेक तसाही हात काढतो, बारकी पानं मात्र हुकूम असली तरच कामाची.

मग मोजणी. बदाम हुकूम, हातात चार, म्हणजे बाहेर चार. तितके चिंचोके पुढ्यात ठेवायचे, दुसऱ्याचा हुकूम पडला की एक उचलायचा. चिंचोके संपले की आपल्या हुकमाला कुणी मारू शकत नाही, हे डोळ्यांना दिसतं. चुकीचं पान टाकलं तर लगेच टोकू नका, डाव संपल्यावर तोच हात पुन्हा मांडून विचारा, "दुसरं कोणतं चाललं असतं?"