बिस्मथ सेलेनाइडचा सीबेक मोजताय? या चुका टाळा

सीबेक म्हणजे पदार्थाच्या दोन टोकांत एक केल्व्हिनचा फरक असला की उभं राहणारं व्होल्टेज. बिस्मथ सेलेनाइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर वीज वाहून नेणाऱ्या खास अवस्था असतात. परवा संध्याकाळी इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी धावतच आली. "सर, सीबेक धन येतोय! पृष्ठभागच बोलतोय!" मी म्हटलं, "अगं, आधी व्होल्टमीटरच्या तारा बघ." तारा उलट जोडलेल्या निघाल्या. बिस्मथ सेलेनाइडच्या स्फटिकात सेलेनियमच्या जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन वाढतात आणि चिन्ह बहुधा ऋणच येतं. म्हणून नव्या जोडणीवर आधी कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) तार मोजा. खोलीच्या तापमानाला केल्व्हिनमागे उणे 40 मायक्रोव्होल्टच्या आसपास आकडा आला, तरच पुढे जा.

सगळ्यात जास्त घात होतो तो तापमान एकीकडे आणि व्होल्टेज दुसरीकडे मोजल्याने. समजा नमुन्यावरच्या दोन जोडांमधलं अंतर 4 मिलिमीटर आहे आणि फरक 2 केल्व्हिनचा. थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) 1 मिलिमीटर सरकलं की अर्ध्या केल्व्हिनची, म्हणजे 25 टक्के चूक! सिल्व्हर पेस्टचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढाच ठेवा. मी स्वतः पसरट ठिपक्यांवर आठवडे घालवले आहेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. थर्मोकपलचीच क्रोमेलची तार व्होल्टेजसाठी वापरलीत, तर तिचे स्वतःचे केल्व्हिनमागे सुमारे 22 मायक्रोव्होल्ट हिशेबात धरायला विसरू नका.

तापमानाच्या एकाच फरकाने व्होल्टेजला भागून मोकळं होऊ नका. हीटर बंद असतानाही मीटर थोडे मायक्रोव्होल्ट दाखवतोच. चार-पाच वेगवेगळे फरक देऊन व्होल्टेज आणि तापमानफरकाचा आलेख काढा आणि त्याचा उतार घ्या. प्रत्येक वेळी तापमान स्थिर होऊ द्या.

आता टोपोलॉजीचा दावा, म्हणजे सीबेक पृष्ठभागाच्या त्या खास अवस्थांमुळेच आलाय असं म्हणणं. या स्फटिकाचा पाच अणुथरांचा एक पदर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यात असे सुमारे पाच लाख पदर, आणि पृष्ठभागाच्या अवस्था मात्र वरच्या-खालच्या मोजक्याच पदरांत. शिवाय एकूण सीबेकमध्ये ज्याची वाहकता जास्त त्याचाच वाटा मोठा, म्हणजे आतल्या गाभ्याचा. नुसत्या एका जाड तुकड्यावरून पृष्ठभागाबद्दल काही बोलू नका. जाडी बदलत नेऊन मोजा, सोबत हॉल मापनही (चुंबकीय क्षेत्रात आडवं व्होल्टेज मोजून वाहकांची संख्या काढणं) करा.

नर्न्स्टसाठी (चुंबकीय क्षेत्रात तापमानाच्या फरकामुळे आडवं उभं राहणारं व्होल्टेज) क्षेत्र दोन्ही दिशांना लावा आणि दोन मापनांच्या वजाबाकीचा अर्धा घ्या. नाहीतर तिरक्या बसलेल्या तारांमुळे सीबेकच नर्न्स्टच्या आकड्यात मिसळतो. आणि चिकटपट्टीने ताजा सोललेला पृष्ठभाग हवेत रात्रभर ठेवू नका. सोलल्या दिवशीच निर्वातात घाला.