लाँग वीकेंडला मुंबईहून बाईकवर समुद्रकिनारी: बेत कसा आखावा

बाईक ट्रिपचा विषय निघाला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "किती किलोमीटर?" मुंबईहून श्रीवर्धन दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जमेल, असं म्हणून सगळे अंगठे वर करतात. पण शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कोकणच्या वाटेवर किलोमीटरला फारसा अर्थ उरत नाही. पहाटे पाचला वाशीचा खाडीपूल ओलांडलेला माणूस वडखळच्या पुढे नाश्ता करत असतो आणि आठला ओलांडलेला पेणच्या अलीकडे हॉर्न ऐकत उभा असतो. किनाऱ्यावर पोचलात की पुन्हा समुद्राचं स्वतःचं वेळापत्रक. म्हणून बेत घड्याळावर आखायचा, अंतरावर नाही.

इथे धरलेला मार्ग तीन दिवसांचा आहे: मांडवा, अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी म्हसळा-माणगावमार्गे घरी.

१. आधी माणसं, मग मुक्काम

चार-पाच बाईक पुरे. त्याहून जास्त झाल्या की निम्मा वेळ कोण कुठे राहिला हे शोधण्यात जातो. कोणाकडे कुठली गाडी आहे, मागे कोण बसणार आणि हायवेवर चालवायची सवय कोणाला नाही, एवढं बोलून घ्या. मंडळींत एक जण स्कूटर घेऊन येणार असेल तर सगळ्या ट्रिपचा वेग त्या स्कूटरचा. हे ज्याला पटत नाही त्याने एकट्याने जावं, त्यात वाईट काही नाही.

दोन्ही रात्री एकाच ठिकाणी राहा, असं माझं ठाम मत आहे. दिवेआगर त्यासाठी सोयीचं. रोज सकाळी बॅगा बांधणं, सामान आवळायची बंजी दोरी ताणणं आणि "माझा चार्जर कोणी घेतला" यात तास-दीड तास जातो. सामान खोलीवर टाकून रिकाम्या गाडीने हरिहरेश्वरला जाऊन येण्यातली मजा वेगळी.

खोली ठरवताना जेवणाचंही तेव्हाच बोला. घरगुती खानावळीत किती ताटं, त्यात शाकाहारी किती, हे आदल्या दिवशी कळवावं लागतं. पोचल्यावर काकूंना "दहा सुरमई थाळी" म्हणालात तर त्या हसतील आणि अंड्याची पोळी वाढतील. मोदक हवे असतील तर तेही आधीच सांगा. सुट्टी जानेवारीतली असेल तर अलिबागकडे पोपटीची चौकशी करा. वालाच्या शेंगा, अंडी, चिकन असं सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून जाळावर भाजतात. हिवाळ्याशिवाय ती मिळत नाही.

२. तारखेबरोबर तिथी बघा

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग किनाऱ्यावर पोचून म्हणतात, "अरे, बीच कुठे गेला?"

भरती-ओहोटीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघा.

आता हे वापरायचं कसं? तुमची सुट्टी पौर्णिमेच्या आसपास पडत असेल तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. म्हणजे मावळतीला लांबलचक ओली वाळू चालायला मिळेल. मात्र या दिवसांत उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि तितकंच वेगाने परत येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाण्याची चढउतार कमी, पण संध्याकाळी किनाऱ्याची पट्टी अरुंद, आणि ओहोटी दुपारच्या उन्हात.

हरिहरेश्वरला तर यावरच सगळं अवलंबून आहे. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवरून जातो, आणि तो ओहोटीलाच करायचा असतो. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत. म्हणून पौर्णिमेच्या सुट्टीत दिवेआगरहून पहाटे निघून सकाळी लवकर प्रदक्षिणा करा. अष्टमीच्या सुट्टीत आधी श्रीवर्धनला थांबा आणि बारा-एकला हरिहरेश्वर गाठा.

सुट्टी १५ ऑगस्टची असेल तर मनाची तयारी वेगळी ठेवा. गेटवेहून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, जंजिऱ्याच्या बोटीही बंद. समुद्र खवळलेला, पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. जायचं ते हिरवाईसाठी, आणि खड्डे सोसायची तयारी ठेवून.

३. गाडी आठवडाभर आधी दाखवा

आदल्या संध्याकाळी गॅरेजवाल्याकडे गेलात तर तिथे तुमच्यासारखेच दहा उभे असतात. ब्रेक पॅड, चेन, हेडलाइट आणि टायर एवढं नीट बघून घ्या. मागे माणूस आणि सामान असलं की मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते बऱ्याच गाड्यांच्या चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. क्लच केबल जुनी झाली असेल तर नवी केबल जुनीच्या बरोबरीने आधीच ओवून ठेवा, तुटली तर दहा मिनिटांत जोडता येते. ट्यूबलेस टायरला पंक्चर किट पुरतं. स्पोकच्या चाकांत ट्यूब असेल तर जादा ट्यूब बरोबर हवीच.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये किंवा एम-परिवहनवर चालतात, फक्त पीयूसीची तारीख तपासा. हेल्मेट दोघांनाही, मागच्यालाही.

४. मुंबईतून बाहेर पडणं

मोबाईलवरच्या नकाशात बाईकचं चिन्ह निवडायला विसरू नका. कारचा रस्ता धरलात तर तो तुम्हाला अटल सेतूच्या तोंडाशी नेईल. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या पुलावर दुचाकींना बंदी आहे. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि पुणे एक्स्प्रेसवेवरही तेच. त्यामुळे दोनच पर्याय उरतात.

एक, रस्त्याने: सायन-पनवेल हायवे, पळस्पे फाटा, मग मुंबई-गोवा महामार्गाने कर्नाळा, पेण, वडखळ आणि तिथून उजवीकडे अलिबाग. पहाटे साडेचार-पाचला वाशी मागे पडायला हवं. डोंबिवलीकर आणि बोरिवलीकर यांना एकाच नाक्यावर बोलावत बसू नका. ज्याने त्याने पळस्प्याच्या पुढे पेट्रोल पंपावर यावं, ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटं थांबून बाकीच्यांनी निघावं.

दोन, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो. बाईक घेऊन बोटीत चढायचं आणि साधारण तासाभरात पलीकडे उतरायचं. पनवेल, पेण, वडखळ तिन्ही टळतात, मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. पैसे जास्त पडतात, पण लाँग वीकेंडला मी हाच पर्याय सुचवेन. तिकिटं मात्र आधी काढा, सुट्टीच्या सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात.

५. रांगेत चालवायची रीत

पुढे एक जण रस्ता माहीत असलेला, शेवटी एक जण शांत डोक्याचा, पंक्चर किट त्याच्याकडे. नवखे मध्ये, पहिल्याच्या लगेच मागे. एकामागे एक सरळ रेषेत चालवू नका. एकाने लेनच्या उजव्या बाजूला, पुढच्याने डाव्या, म्हणजे प्रत्येकाला ब्रेक मारायला जागा मिळते. वळणांवर मात्र एकेरी.

प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं. तो दिसेनासा झाला तर वेग कमी करायचा. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. एवढ्या नियमावर कोणी हरवत नाही आणि फोन काढावा लागत नाही. रेवदंडा, कोर्लई, काशीदचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. समुद्र बघायचा तर गाडी बाजूला घेऊन बघा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कारण रात्री या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात आणि गतिरोधकांवर रंग असेलच याचा भरवसा नाही.

६. फेरीबोट

मुरूडला पेट्रोल भरा, थोडी रोकड खिशात ठेवा आणि आगरदांड्याला जा. गाड्यांची रांग बघून घाबरू नका, बाईक फटीफटीत बसवतात, त्यामुळे बहुतेक वेळा कारवाल्यांच्या आधी तुमचा नंबर लागतो. बोटीत चढायच्या उतारावर ओहोटीच्या वेळी शेवाळ असतं. मागे बसलेल्याला उतरवा, पहिल्या गिअरमध्ये हळू जा, पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तिच्याजवळच उभे राहा.

७. किनाऱ्यावर

गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू चाकाखाली सैल होते, भरतीचं पाणी चढतं, आणि मग ट्रॅक्टरवाल्याला शोधत फिरावं लागतं. खारं पाणी चेनचं आणि बेअरिंगचं वाटोळं करतं ते वेगळंच. सुरूच्या बनाच्या अलीकडे गाडी लावा. जमीन मऊ असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी ठेवा.

पोहायचं तर स्थानिक लोक पोहतात तिथेच, ओहोटी लागलेली नसताना, आणि प्यायलेल्या कोणालाही बरोबर न घेता. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, पावसाळा नसताना. पाणी आत ओढू लागलं तर थेट किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यायचं आणि मग किनाऱ्याकडे वळायचं. मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारण्याआधी दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि आरडाओरडा करून कोळ्यांना बोलवा.

८. परतीचा दिवस

सकाळी सातला निघा. "एकदा शेवटचं पाण्यात जाऊन येऊ" म्हणणारा एक जण असतोच, त्याला आदल्या संध्याकाळीच पाण्यात सोडा. नाश्ता म्हसळ्याला करा. दहाच्या आत माणगावचा बाजार ओलांडलात तर पुढे कोलाड, नागोठणे, वडखळ सुसह्य जातं. दुपारी दोनला माणगावात पोचलात तर सगळं कोकण तुमच्याबरोबर मुंबईला निघालेलं असतं. नाइलाजाने उशीर झालाच तर गर्दीत घुसू नका. जेवा, सावलीत पडा आणि ऊन कलल्यावर, न घाई करता चालवा.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चाकांचे स्पोक आणि इंजिनखालचा भाग. चेन कोरडी करून ल्यूब मारा. खर्चाचा हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाका, आठवडा उलटला की फेरीबोटीचे पैसे कोणी दिले हे कोणालाच आठवत नाही.